खरे बोलणाऱ्यालाही वकील लागतो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी बाईंनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



वर्धापनदिनाला परगावचा पाहुणा बोलवावा, अशी आपली रीत. यंदा ठरलेल्या बाई आजारी पडल्या आणि चिटणीसबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिकडचे काही सांगा." मी एकतीस वर्षे शाळेत हिंदी शिकवले. वर्गात बोलण्याची सवय आहे, सभेत बोलण्याची नाही. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

नायगाराचा धबधबा आपण सर्वांनी चित्रात पाहिलेला आहे. मी तो प्रत्यक्ष पाहिला, फार मोठा आहे, एवढेच त्याविषयी सांगते. मला सांगावयाचे आहे ते एका कुलूपबंद इमारतीविषयी. तिथे मी अकरा वेळा गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी बहिणीकडे गेले. तिची मुलगी, माझी भाची, तिकडेच जन्मलेली. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मावशी, तुझे हिंदी चांगले आहे ना? आमच्या क्लिनिकमध्ये दुभाषी हवी आहे." मी चकित झाले. कायद्याच्या कॉलेजात दवाखाना कशाला?

तिने समजावून सांगितले. वैद्यकीची मुले नुसती पुस्तके वाचून डॉक्टर होत नाहीत. मोठ्या डॉक्टरांच्या मागे वॉर्डात हिंडतात, नाडी धरतात, रोग्याशी बोलतात. त्याच धर्तीवर अमेरिकेतील कायद्याच्या कॉलेजांनी क्लिनिके काढली. १९६८ पासून फोर्ड फाउंडेशनने त्यासाठी पैसा पुरवला आणि ती पुष्कळ ठिकाणी पसरली. ज्याला वकील परवडत नाही त्याचे काम विद्यार्थी घेतात, प्राध्यापक शेजारी उभे राहून पाहतात. अशिलाकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही. विद्यार्थ्याला परीक्षेचे गुण मिळतात आणि गरजूला माणूस मिळते. परदेशातून आलेल्या लोकांचे खटले ज्या न्यायालयात चालतात, तिथे परवानगी घेऊन हे विद्यार्थी स्वतः बाजूही मांडू शकतात.

आता कुणी विचारील, अमेरिका एवढा श्रीमंत देश, तिथे गरिबाला सरकार वकील देत नाही काय? देते, पण सर्वांना नाही. चोरीचा किंवा दरोड्याचा आरोप असेल आणि वकिलाला पैसे नसतील तर सरकारने वकील द्यावा, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निर्णय आहे. परंतु कागदपत्रांवाचून देशात आला म्हणून ज्याला अडकवून ठेवले, त्याचे प्रकरण फौजदारी मानले जात नाही. त्याला वकील करण्याचा अधिकार आहे, मात्र सरकारच्या खर्चाने नाही. म्हणजे चोराला वकील मिळतो आणि जीव वाचवायला पळून आलेल्याला मिळेलच असे नाही. लहान मुलांचीही तीच गत. दारावर कुलूप मात्र दोघांच्याही असते.

याचा परिणाम काय होतो, त्याचे दोन आकडे मी वहीत उतरवून आणले आहेत. २००७ ते २०१२ या वर्षांतल्या खटल्यांचा अभ्यास करून दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की स्थानबद्ध लोकांपैकी शंभरात चौदांनाच वकील होता. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली अशीच एक पाहणी प्रसिद्ध झाली. जो स्थानबद्ध होता आणि ज्याला वकील नव्हता, असा माणूस शंभरात तीनदा जिंकला. जो बाहेर मोकळा होता आणि ज्याला वकील होता, तो शंभरात चौऱ्याहत्तर वेळा. दोघांच्या प्रकरणांत इतरही फरक असतील, हे कबूल. पण तीन कुठे आणि चौऱ्याहत्तर कुठे! हे पाहून २०१३ साली न्यूयॉर्क शहराने स्थानबद्धांना वकील देण्यासाठी आपल्या तिजोरीतून पैसे काढले. त्या योजनेच्या उभारणीत तिथल्या एका लॉ कॉलेजच्या क्लिनिकचा मोठा हात होता.

भाचीने मला एका मुलीची हकीकत सांगितली. ती सर्व जगाला माहीत आहे, म्हणून नाव घेऊन सांगते. आफ्रिकेतील टोगो देशातली फौझिया कासिंजा. तिच्या जमातीत लग्नाच्या वेळी मुलीच्या शरीराचा नाजूक भाग कापून टाकण्याची रूढी होती. बापाला ती पसंत नव्हती, त्याने मुलींना जपले, शाळेत घातले. परंतु बाप वारला आणि आत्याने सूत्रे हाती घेतली. सतराव्या वर्षी फौझियाला पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची चौथी बायको करण्याचे ठरले. मोठ्या बहिणीने तिला पळवून लावले. डिसेंबर १९९४ मध्ये ती अमेरिकेच्या विमानतळावर उतरली. तिने स्वतःहून सांगितले, हा पासपोर्ट माझा नाही, मला आश्रय हवा. तिला बेड्या घालून कैदेत टाकले. पुढे सोळा महिने ती एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हिंडली.

तिचे प्रकरण ज्या वकिलाकडे आले, त्याच्याकडे लैली मिलर नावाची कायद्याची विद्यार्थिनी उमेदवारी करीत होती. न्यायालयात तिनेच बाजू मांडली आणि ती हरली. न्यायाधीशांना मुलीचे सांगणे खरे वाटले नाही. तेव्हा ही विद्यार्थिनी आपल्या विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये गेली. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतले ते क्लिनिक. तिथल्या करेन मुसालो या बाईंनी काम विनामूल्य घेतले. त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून सारे प्रकरण नव्याने मांडले. एप्रिल १९९६ मध्ये फौझिया तुरुंगातून बाहेर आली आणि १३ जून १९९६ रोजी अपील मंडळाने तिला आश्रय दिला. या रूढीच्या भीतीने पळालेल्या स्त्रीला आश्रय मिळू शकतो, हा पायंडा त्या दिवशी पडला.

या हकीकतीत एक लहानशी गोष्ट आहे, ती मला विसरता येत नाही. सरकारी दप्तरात त्या मुलीचे नाव चुकीचे लिहिले गेले, कासिंजाचे कासिंगा झाले. आजही कायद्याच्या पुस्तकांत तो खटला त्या चुकलेल्या नावानेच ओळखला जातो. जिथे नाव नीट लिहिले जात नाही, तिथे मनातली गोष्ट नीट लिहिली जाईल याचा काय भरवसा?

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येते. ज्या बाईसाठी मी गेले तिचे नाव, गाव, वय मी सांगणार नाही. तसे वचन दिले आहे. ती आपल्या देशातली, उत्तरेकडची होती, एवढे पुरे. घरच्यांच्या मनाविरुद्ध तिने लग्न केले. भावांनी तिच्या नवऱ्याला मारले, त्यात तो गेला. एका नातलगाने जमीन विकून दलालाला पैसे दिले आणि तिला देशाबाहेर काढले. किती देश आणि किती रात्री चालून ती तिथे पोचली, ते ऐकताना माझ्या पोटात कालवत असे.

ती इमारत शहराबाहेर होती. आत जाताना पासपोर्ट दाखवावा लागे, पिशवी बाहेर ठेवावी लागे. हातात फक्त कागद आणि पेन. लहानशी खोली, एक मेज, चार खुर्च्या. ती आली तेव्हा अंगावर सरकारी कपडे. माझ्याकडे पाहून तिने आधी पदर सावरण्यासाठी खांद्याकडे हात नेला. पदर नव्हता. मला फार वाईट वाटले.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. भाऊ काय म्हणाले ते ती सांगत होती. त्यात एक घाणेरडी शिवी होती. मी शिक्षिका, तोंडून ती कशी काढू? मी इंग्रजीत एवढेच सांगितले, "भाऊ फार रागावले." भाचीबरोबर दुसरी एक विद्यार्थिनी होती. तिला हिंदीचे अक्षर कळत नव्हते. पण ती हळूच म्हणाली, "बाई एवढा वेळ बोलल्या आणि तुम्ही तीनच शब्द सांगितलेत?" मला पुन्हा विचारावे लागले. तेव्हा ध्यानात आले की शिवीच्या मागोमाग धमकी होती, "काटकर नहर में फेंक देंगे." शिवीबरोबर मी धमकीही गिळली होती. सारे प्रकरण ज्या वाक्यावर उभे होते, तेच मी सभ्यतेपायी खाऊन टाकले होते.

त्या दिवसापासून नियम ठरला. ती जे म्हणेल ते सर्व सांगावयाचे. ती "मैं" म्हणाली की मीही "मी" म्हणावयाचे. आपली दया, आपली लाज, आपली भाषा मध्ये आणावयाची नाही. पहिल्या काही भेटींत तर तिला तारखाच सांगता येत नसत. "गव्हाच्या कापणीला", "करवाचौथच्या आदल्या दिवशी" असे ती म्हणे. मुली पंचांग काढून दिवस लावीत. एक तारीख चुकली तर सरकारी वकील म्हणणार, बाई खोटे बोलते. म्हणून त्यांनी एकेका प्रसंगाचा आठ-आठ वेळा पाठपुरावा केला. बाई कंटाळे, रडे, कधी चिडे. मुली थांबत, पाणी देत आणि पुन्हा तिथूनच सुरू करीत. घरी गेल्यावर रात्री दोनपर्यंत टंकलेखन चाले. डॉक्टरांकडून तिच्या अंगावरचे व्रण तपासून घेतले. भारतातून मृत्यूचा दाखला मागवला, त्याचे भाषांतर मी केले.

मग एक दिवस भाचीने मला जुना कागद दाखवला. सीमेवर पकडल्यावर अधिकाऱ्याने टेलिफोनवरच्या दुभाष्यामार्फत तिची जी जबानी घेतली, तिची नक्कल. तीत लिहिले होते, "मला माझ्या नवऱ्याची भीती वाटते." आणि आम्ही लिहीत असलेल्या प्रतिज्ञापत्रात नवरा भला आणि मारणारे भाऊ! भाची म्हणाली, "मावशी, इथेच आपण हरणार." मी बाईला विचारले, तू त्या दिवशी काय म्हणाली होतीस? तिने सांगितले, "मैंने कहा, मुझे घरवालों से डर है."

भगिनींनो, तुम्हीच पाहा. हिंदीत घरवाला म्हणजे नवरा. घरवाले म्हणजे घरची सारी माणसे. टेलिफोनच्या त्या टोकाला कुणी घाईने ऐकले आणि एका मात्रेपायी मेलेला नवरा गुन्हेगार झाला. ती जबानी तिला वाचून दाखवली की नाही, कुणास ठाऊक. खाली तिची सही होती.

मी त्या शब्दावर दीड पान लिहून दिले आणि त्याखाली शपथेवर सही केली. शाळेत मुली म्हणत, बाई, हे वचन आणि कारक शिकून काय उपयोग? आता त्यांना सांगायला माझ्याजवळ उत्तर आहे.

सुनावणीला न्यायाधीश समोर नव्हते. भिंतीवरच्या पडद्यावर ते दिसत होते. मी मागच्या बाकावर बसले, कारण न्यायालयाचा दुभाषी वेगळा असतो. सरकारी वकिलांनी अनेक प्रश्न विचारले. एक असा: "भारत एवढा मोठा देश आहे. तुम्ही मुंबईला का गेला नाहीत?" दुसरा असा: "२०१८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण द्यावे असे आदेश दिले आहेत, मग तुम्ही पोलिसांकडे का गेला नाहीत?" हे प्रश्न अन्यायाचे नव्हते. कुणीही विचारले असते. माझी मान मात्र खाली गेली. तिने सांगितले की आम्ही दोनदा गाव सोडले, दोन्ही वेळा भावांनी शोधून काढले, आणि ठाण्यात गेलो तेव्हा तिथूनच घरी फोन गेला. ते आदेश कागदावर चांगले होते, तिच्या गावापर्यंत पोचले नव्हते.

मग जुन्या जबानीचा प्रश्न आलाच. भाची उठली. हात थरथरत होते, आवाज नाही. तिने माझे दीड पान पुढे केले आणि तो शब्द पुन्हा ऐकावा अशी विनंती केली. न्यायाधीशांनी दुभाष्याला विचारले. त्याने मान्य केले की घरवाले म्हणजे कुटुंबातली माणसे. दोन मिनिटांत झाले. परंतु ती दोन मिनिटे मिळवायला चार महिने लागले होते.

न्यायाधीशांनी तिला राहण्याची परवानगी दिली. निरोप घेताना ती म्हणाली, "आंटीजी, इतने ध्यान से मेरी बात किसी ने नहीं सुनी थी." माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

पण कथा इथे गोड करून मला संपवता येत नाही. तिच्याच खोलीत दुसरी एक बाई होती, आपल्याकडचीच. तिचे नाव क्लिनिकच्या यादीत खाली होते. एका सत्रात विद्यार्थी घेऊन घेऊन किती प्रकरणे घेणार? सात-आठ. तिची पाळी येण्याआधीच तिची सुनावणी झाली. ती एकटी उभी राहिली आणि तिला परत पाठवले. तिची बाजू खरी होती की खोटी, मी सांगू शकत नाही. तिचा कागद कुणी वाचलाच नाही, एवढेच मला माहीत आहे. आपण म्हणतो, सत्याला मरण नाही. खरे आहे. पण सत्याला तोंड लागते, आणि दुसऱ्या कुणाचा तरी कान लागतो. ते नसले तर सत्य विमानात बसवून परत पाठवले जाते.

आता आपल्याकडे वळते. परक्यांना नावे ठेवून घरी जाणे सोपे आहे. कायद्याच्या बाबतीत मात्र आपण एक पाऊल पुढे आहोत, हे किती जणींना ठाऊक आहे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचे उत्पन्न किती, हे विचारावयाचे नाही. कोठडीतल्या प्रत्येक माणसालाही तोच हक्क. त्यामागे आपल्या मुंबईची कहाणी आहे. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांची स्थिती पाहून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून स्त्रियांची विचारपूस करविली. १९८३ च्या निकालात सांगितले की कुणाला अटक झाली की पोलिसांनी लगेच विधी सहाय्य समितीला कळवावे आणि स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री शिपाई असावी. आपल्या लॉ कॉलेजांतही विधी सहाय्य केंद्र असावे, असा बार कौन्सिलचा नियम आहे. आपले विद्यार्थी न्यायालयात बाजू मांडू शकत नाहीत, पण ऐकून घेणे, लिहून घेणे, कागद वाचून दाखवणे याला कुणाची आडकाठी नाही.

हक्क आहे, मग उणे काय आहे? माझ्या मते भाषा उणी आहे. आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड, चौथीत दखनी. त्यात कामासाठी उत्तरेकडून आलेली माणसे निराळी. ठाण्यात किंवा न्यायालयात उभी राहिलेली तेलुगू बाई काय म्हणते ते कुणी मराठीत लिहून घेते आणि ती अंगठा उठवते. तिचे घरवाले कधी घरवाला होतील, सांगता येत नाही.

म्हणून माझी एकच सूचना आहे आणि तिला पैसा लागत नाही. आपल्या मंडळात तेलुगू बोलणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, उर्दू वाचणाऱ्या भगिनी आहेत. ज्यांना महिन्यातून एक दुपार देता येईल, त्यांनी आज जाताना चिटणीसबाईंच्या वहीत नाव आणि भाषा लिहावी. ती यादी आपण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेऊन देऊ आणि म्हणू, गरज पडेल तेव्हा बोलवा. मोलकरणीला, शेजारणीला १५१०० हा टेलिफोन क्रमांक सांगा. त्यावर विधी सेवेची मदत मिळते. आणि ज्या दुभाषीचे काम करतील त्यांना माझा अनुभवाचा सल्ला: शिवी आली तरी गाळू नका.

वहीत पहिले नाव मी लिहिले आहे. खाली जागा पुष्कळ आहे.